वाचकांचे प्रश्न : चित्राच्या फाइलीत माप कोणत्या एककात धरावे?

प्रश्न : देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली येथे आमचे पत्रिका आणि फ्लेक्सचे दुकान आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागला की हँडबिले, भिंतीवरची पोस्टर्स आणि बॅनर यांची कामे एकदम येतात आणि त्याच दिवसांत लग्नपत्रिका व शाळांची ओळखपत्रेही सुरू असतात. पत्रिकेचे माप गिऱ्हाईक इंचात सांगते, फ्लेक्सचे फुटांत आणि ओळखपत्राचे मिलिमीटरमध्ये येते. आम्ही कोरलड्रॉ आणि इंकस्केप ही चित्र काढण्याची दोन्ही सॉफ्टवेअर वापरतो. नवी फाइल उघडताच कोणते एकक आपोआप यावे, म्हणजे घाईत होणाऱ्या चुका टळतील?

उत्तर : आपल्या दुकानात नवी फाइल इंचात उघडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्लेक्स आणि ओळखपत्र यांसाठी मात्र वेगळ्या कोऱ्या फाइली तयार करून ठेवाव्यात. कारणे थोडी सविस्तर सांगतो, म्हणजे उद्या एखादे निराळे काम आले तरी निर्णय आपला आपल्याला घेता येईल.

एकक बदलले म्हणून काढलेल्या चित्राचा आकार बदलत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पाच इंच रुंदीची पत्रिका मिलिमीटरमध्ये पाहिली तर ती १२७ मिलिमीटर दिसते, इतकेच. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, हे प्रमाण १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून पक्के आहे आणि संगणक हे रूपांतर आपल्यापेक्षा बिनचूक करतो. एककाने ठरतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. मापाच्या चौकटीत आपण नुसता ‘५’ लिहिला तर तो कशाचा पाच समजायचा, पडद्याच्या कडेच्या मोजपट्टीवर खुणा कुठे पडायच्या, हे एककावर अवलंबून असते. शिवाय काम करणाऱ्याचा हात नेहमी पूर्ण आकड्यांकडे वळतो. मिलिमीटरची पट्टी समोर असली की समास १० मिलिमीटरचा ठेवला जातो, इंचाची असली की अर्ध्या इंचाचा. म्हणून तयार माल ज्या मापात मोजून घेतला जाणार आहे किंवा कापला जाणार आहे, तेच एकक फाइलीत असावे.

हँडबिले आणि पोस्टर्स यांच्या बाबतीत ते माप इंच आहे, कारण आपल्याकडे छापखान्याचा कागद अजूनही इंचाच्या हिशेबाने येतो. डबल क्राऊनचा ताव २० बाय ३० इंचांचा असतो. त्याचे दोन भाग केले की १५ बाय २० चे पोस्टर मिळते आणि आठ भाग केले की साडेसात बाय दहाचे हँडबिल. हाच ताव मिलिमीटरमध्ये ५०८ बाय ७६२ होतो आणि त्याचा आठवा भाग १९०.५ बाय २५४. गणित चुकीचे नाही, पण असे आकडे डोक्यात राहत नाहीत. मग कोणीतरी १९० लिहितो, कोणी १९१, आणि कटिंगला बसल्यावर गठ्ठ्याची एक बाजू बसत नाही. ए४ किंवा ए५ आकाराचा तयार कागद वापरणार असाल तर मात्र गोष्ट उलट आहे. तो कागद जन्मतःच २१० बाय २९७ किंवा १४८ बाय २१० मिलिमीटरचा असतो, तेव्हा त्या कामाला मिलिमीटरच ठेवावे.

ओळखपत्रासाठी फार विचार करण्याची गरज नाही. बँकेच्या कार्डाएवढे प्लॅस्टिकचे पत्र ८५.६ बाय ५३.९८ मिलिमीटर या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे असते आणि त्यावरचा पासपोर्ट आकाराचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. ही फाइल मिलिमीटरमध्येच असावी.

फ्लेक्सचे तसे नाही. दर चौरस फुटाला असतो म्हणून फाइलही फुटांत ठेवण्याचा मोह होतो आणि कोरलड्रॉमध्ये फूट हे एकक मिळतेही. पण फ्लेक्सचे अवघड भाग फुटांत मोजले जात नाहीत. चौकटीवर दुमडायची कड, रिंगा मारण्याची जागा, खाली प्रायोजकांच्या नावांची पट्टी, ही सगळी मापे इंचांची असतात आणि दोन इंच म्हणजे ०.१६७ फूट लिहीत बसणे म्हणजे चुकीला आमंत्रण देणे होय. आठ बाय चारचा बॅनर ९६ बाय ४८ इंच असाच लिहावा. फार मोठे काम असेल तर एका फुटाला एक इंच हे प्रमाण धरून लहान फाइल करण्याची रीत आहे आणि ती चांगलीच आहे, विशेषतः फाइल पुढे इलस्ट्रेटर या तशाच सॉफ्टवेअरमध्ये उघडली जाणार असेल तर. त्याचा नेहमीचा कॅनव्हास सुमारे २२७ इंचांचा, म्हणजे १९ फुटांना थोडा कमी असतो, त्यामुळे वीस फुटी बॅनर त्यात पूर्ण मापाने बसत नाही. नव्या आवृत्त्यांत दहापट मोठा कॅनव्हास मिळतो, पण समोरच्याकडे कोणती आवृत्ती आहे हे आपल्या हातात नसते. अशा लहान फाइलीतली प्रत्येक गोष्ट छापताना बारापट होणार आहे, हे मात्र सतत मनात ठेवावे. एक पॉइंट जाडीची रेघ बारा पॉइंटची, म्हणजे इंचाच्या सहाव्या भागाइतकी जाड होते, आणि मिलिमीटरभर सरकलेली कड बारा मिलिमीटर सरकते. फाइलीच्या नावातच ‘१ इंच = १ फूट’ असे लिहिल्याशिवाय ती कोणाला पाठवू नये.

अक्षरांच्या मापाला, म्हणजे पॉइंटला, हात लावू नये. इंचाचे ७२ पॉइंट होतात, परंतु २४ पॉइंटचे अक्षर मोजपट्टीने मोजले तर इंचाचा तिसरा भाग भरत नाही, कारण पॉइंट हे अक्षराभोवतीच्या अदृश्य साच्याचे माप आहे. देवनागरीत वेलांटी आणि उकार यांना त्याच साच्यात जागा द्यावी लागते, म्हणून मूळ अक्षर आणखी लहान भासते. नाटकाचे नाव लांबून वाचता यावे यासाठी अक्षर सहा इंच उंच हवे असेल, तर आधी मजकूर पक्का करावा, त्याची एक प्रत वळणांमध्ये (कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी रेषांच्या आकृतीत) रूपांतरित करावी आणि शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची इंचात मोजून घ्यावी. नाटक मंडळीला आपले नाव रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता यावे एवढेच हवे असते आणि ते माप पॉइंटवरून कळत नाही.

पिक्सेल हे एकक छपाईच्या फाइलीतून पूर्णपणे बाहेर ठेवावे, असे मी आग्रहाने सांगतो. इलस्ट्रेटर इंचाचे ७२ पिक्सेल धरतो आणि इंकस्केप ९६. त्यामुळे इलस्ट्रेटरमधून एसव्हीजी या चित्रफाइलीच्या स्वरूपात काढलेले आठ इंचांचे चित्र इंकस्केपमध्ये सहा इंचांचे होऊन उघडते. तुलनेला दुसरे काही जवळ नसल्यामुळे पडद्यावर ते ओळखू येत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. इंकस्केपमध्ये नवी फाइल उघडून ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये जावे, तेथे ‘डिस्प्ले युनिट्स’ इंच करावे आणि पानाचा आकार भरावा. पानाच्या मापाशेजारी एककाची वेगळी यादी असते, तीही तपासावी. मग फाइल मेनूतील ‘सेव्ह टेम्प्लेट’ निवडून, हाच साचा नेहमीसाठी वापरण्याच्या पर्यायावर खूण करावी. फ्लेक्स आणि ओळखपत्र यांचे साचे त्याच मार्गाने, पण ती खूण न करता, निराळ्या नावांनी ठेवावेत. कोरलड्रॉमध्ये काहीही निवडलेले नसताना वरच्या पट्टीत ‘युनिट्स’ची यादी दिसते, तेथे केलेला बदल त्या एका फाइलीपुरता राहतो, म्हणून तेथेही कामानुसार टेम्प्लेट जतन करणे अधिक खात्रीचे. दुकानात दोन-तीन जण आळीपाळीने एकाच संगणकावर बसत असतील, तर हे साचे हीच खरी सोय आहे, कारण कोणी कोणते एकक बदलून उठून गेले हे मग पाहावे लागत नाही.

प्रश्न : दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) माझे वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. गेटच्या नक्षीदार जाळ्यांचे चित्र इंकस्केपमध्ये काढून मी डीएक्सएफ फाइल (कटिंगची यंत्रे वाचतात ती रेषांची फाइल) लेझर कटिंगसाठी नागपूरला पाठवतो. मी २४ इंचांची जाळी काढली होती, ती त्यांच्या संगणकावर २४ मिलिमीटरची उघडली. शिवाय आमचे सारे काम इंच-सुताचे. मी कोणते एकक धरावे?

उत्तर : मिलिमीटर, आणि दुसरे कोणतेही नाही. डीएक्सएफ फाइलीत मुख्यतः नुसते आकडे असतात. ते कशाचे आहेत हे लिहायला जागा असते, परंतु कित्येक सॉफ्टवेअर ती भरत नाहीत किंवा वाचत नाहीत. कटिंगच्या यंत्राकडे बहुधा मिलिमीटरच गृहीत धरले जाते, म्हणून आपला २४ हा आकडा तेथे २४ मिलिमीटर ठरला. फाइल मिलिमीटरमध्ये असेल तर तीच जाळी ६०९.६ म्हणून जाते आणि गैरसमजाला वाव राहत नाही. सोबत मापे लिहिलेली एक पीडीएफ अवश्य पाठवावी आणि कापण्याआधी बाहेरची लांबी-रुंदी फोनवर मिलिमीटरमध्ये वदवून घ्यावी. पत्रा एकदा कापला गेला की तो भंगाराच्या भावाचा होतो, तेव्हा हा एक फोन कधीही टाळू नये.

सुताचा हिशेब सोडण्याची गरज नाही. इंचाची आठ सुते, म्हणून एक सूत ३.१७५ मिलिमीटरचे. तीन फूट चार इंच दोन सूत म्हणजे ४०.२५ इंच, आणि तेच १०२२.३५ मिलिमीटर. हे गुणाकार कागदावर करू नयेत. इंकस्केपच्या मापाच्या चौकटीत ४०.२५ लिहून त्यापुढे इंचाची ‘आयएन’ ही इंग्रजी अक्षरे जोडली की चित्र योग्य मापाचे होते आणि फाइल मिलिमीटरमध्येच राहते. गेट चौकटीत बसवायचे असल्यामुळे अपूर्णांक नेहमी खाली आणावा, १०२२ करावा, वर नेऊ नये. बिजागरी आणि कडी यांची मोकळीक त्यातून वेगळी वजा करावी. शक्य असेल तेथे जागेवर माप घेतानाच टेपची सेंटिमीटरची बाजू वापरावी, म्हणजे रूपांतराचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : मी पातूर तालुक्यातील (जि. अकोला) शाळेत शिक्षक आहे. शाळेच्या ६० बाय ४० मीटरच्या मैदानाचा नकाशा विद्यार्थ्यांकडून इंकस्केपमध्ये काढून घ्यायचा आहे. एकक मीटर ठेवावे काय? तसेच २०१५ मधील माझे काही जुने तक्ते आता लहान छापले जातात, ते का?

उत्तर : मीटर ठेवू नये, कारण कागद मीटरचा नाही. मिलिमीटर ठेवावे आणि १:२०० हे प्रमाण घ्यावे, म्हणजे जमिनीवरचा एक मीटर कागदावर पाच मिलिमीटर होतो. मैदान ३०० बाय २०० मिलिमीटरचे होऊन ए३ कागदावर आडवे नीट बसते आणि शीर्षक व सूचीला जागा उरते. ग्रिड पाच मिलिमीटरचे ठेवले की एक चौकोन म्हणजे एक मीटर, हे मुलांना मोजून पाहता येते.

जुन्या तक्त्यांचे कारण असे, की २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ या आवृत्तीपूर्वी इंकस्केप इंचाचे ९० पिक्सेल धरत असे, त्यानंतर ९६ धरू लागले. म्हणून जुने दहा इंच आज ९.३७५ इंच भरू शकतात. अशी फाइल उघडताना सॉफ्टवेअर स्वतः विचारते, की चित्र पडद्यासाठी आहे की कागदासारख्या प्रत्यक्ष वस्तूसाठी. तक्त्यांसाठी दुसरा पर्याय निवडावा. नकाशा छापताना प्रिंटरच्या खिडकीत पानात बसवण्याचा पर्याय बंद करून मूळ आकार ठेवावा, आणि कोपऱ्यात १० मीटर दाखवणारी ५० मिलिमीटरची रेघ काढावी. नकाशाची झेरॉक्स पुढे लहान-मोठी झाली तर १:२०० हा आकडा खोटा ठरतो, पण रेघ नकाशाबरोबरच लहान-मोठी होत असल्यामुळे तिच्यावरून अंतर मोजता येते.