पिल्लू अचानक बसलं? आधी बोटं पाहा

प्रश्न : गावठी कोंबड्यांच्या जोडीला यंदा गिरिराजा जातीची २५ पिल्लं आणली. आज ती १२ दिवसांची आहेत. परवापर्यंत दाण्यावर तुटून पडणारं एक पिल्लू काल सकाळपासून उभंच राहत नाही. पायाच्या सांध्यावर बसतं आणि पंखांचा आधार घेत सरपटतं. डोळे मात्र तरतरीत आहेत, पुढ्यात दाणा टाकला की टिपतं. घरची मंडळी म्हणतात, पायातून वारं गेलंय, हळद-चुन्याचा लेप लावा. खायला तांदळाची कणी आणि थोडा कोंडा असतो. काय करावं?
– एक वाचक, लांजा

उत्तर : लेप राहू द्या. मार लागलेला नसेल तर त्याचा उपयोग नाही, आणि ओल्या लेपाने एवढासा जीव गारठतो. १२ दिवसांचं वय, तरतरीत डोळे आणि खायला कणी, हे तिन्ही एकत्र पाहिलं की पहिला संशय जीवनसत्त्व ब-२ कमी पडल्याचा येतो. यालाच रायबोफ्लेविन म्हणतात. संशय खरा की खोटा ते पिल्लाची बोटं सांगतील.

पिल्लू मुठीत हलकेच धरा आणि पाय मोकळे लोंबू द्या. निरोगी पिल्लाची बोटं जमिनीवर टेकवली की फाकतात. ब-२ कमी असेल तर ती मूठ मिटावी तशी आत वळलेली असतात, बहुधा दोन्ही पायांची. बोटाने सरळ केली तर होतात, सोडली की पुन्हा मिटतात. मग सांध्याच्या मागच्या बाजूने अंगठा फिरवा. तिथली दोरीसारखी शीर मधोमध असायला हवी. सांधा रुंद, चपटा झाला असेल आणि शीर बाजूला घसरली असेल, तर दुखणं वेगळं आहे. ते खाण्यात मँगनीज किंवा कोलीन कमी पडल्याने होतं, आणि घसरलेली शीर जागेवर बसवली तरी क्वचितच टिकते. चोच रबरासारखी वाकत असेल तर मुडदूस समजा. पावसाळ्यात बंद पडवीत वाढलेल्या, ऊन न लागलेल्या पिल्लांत तो दिसतो, कारण उन्हाशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. शेपटीखाली रक्ताची विष्ठा चिकटलेली असेल तर तो कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचा आजार. त्यात पिल्लू लुळं पडत नाही, अशक्तपणाने पंख पाडून बसतं.

बोटं मिटलेली असतील तर आजच कामाला लागा. अशी पिल्लं बहुतेक वेळा पायाच्या दुखण्याने मरत नाहीत. भांड्यापर्यंत पोहोचता येत नाही, बाकीची तुडवून जातात, आणि ती तहानेने, थंडीने जातात. म्हणून आधी त्याला वेगळं करा, पण इतरांचा आवाज ऐकू येईल एवढ्याच अंतरावर. अगदी एकटं पडलेलं पिल्लू ओरडून ओरडून थकतं. खोक्यात गोणपाटाचा तुकडा अंथरा. पिवळा बल्ब एका कोपऱ्यात असा टांगा, की त्या बाजूला ३२ अंशांच्या आसपास ऊब राहील आणि दुसरी बाजू थंड राहील. एलईडी बल्ब चालणार नाही, त्याने ऊब मिळत नाही. पाण्याची उथळ बशी चोचीजवळ ठेवा आणि तीत गोटे टाका, नाहीतर तोल गेलेलं पिल्लू बशीतच बुडतं.

औषध साधं आहे. मेडिकलमध्ये ब-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल मागा आणि वेष्टनावर रायबोफ्लेविन १० मिलिग्रॅम लिहिलंय का ते वाचा. एक कॅप्सूल फोडून १ लिटर पाण्यात ढवळा. पाणी पिवळं होतं, तो रंग ब-२ चाच. आजारी पिल्लाला रोज साधारण १०० मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे या पाण्याचे १० मिलि. ड्रॉपरने दिवसभरात अर्धा-अर्धा मिलि द्या. थेंब चोचीच्या कडेला ठेवायचा, ते आपण होऊन गिळतं. घशात पिचकारी मारू नका. पाणी श्वासनळीत गेलं तर पिल्लू हातातच जातं. बाकीच्या २४ पिल्लांनाही आठवडाभर हेच पाणी द्या. कणी सगळ्यांनीच खाल्ली आहे, आज एक बसलंय, उद्या आणखी दोन बसतील. ब-२ उजेडात नासतं, म्हणून भांडं सावलीत ठेवा आणि पाणी रोज ताजं करा.

लवकर लक्षात आलं असेल तर दोन-तीन दिवसांत बोटं उघडू लागतात. आठवडाभर मिटून राहिलेल्या पायाची मोठी नस खराब झालेली असते, तिथे औषध उशिरा पोहोचतं.

आता मूळ कारणाकडे. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाची कणी पोट भरते, पण तिच्यात जीवनसत्त्वं फार थोडी असतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांनी नेमकं हेच पाहिलं. पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायचे आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या व्हायच्या. तिथे कमी पडत होतं ते ब-१, पण त्या निरीक्षणातून जीवनसत्त्वांचा शोध सुरू झाला आणि त्यांना १९२९ साली नोबेल मिळालं. ब-१ कमी पडलं तर पिल्लू पायांवर बसून मान मागे टाकतं आणि आभाळाकडे बघत राहतं. ब-कॉम्प्लेक्समध्ये तेही असतं, म्हणून नुसत्या ब-२ पेक्षा तीच कॅप्सूल बरी.

मग कोंडा भरपूर घालू, असं म्हणाल. कोंड्यात ब-१ आहे, ब-२ फारसं नाही. शिवाय त्यात तेल असतं आणि आपल्या दमट हवेत तो थोड्याच दिवसांत खवट होतो. खवटपणा खाद्यातलं ई जीवनसत्त्व नासवतो, आणि ते कमी पडलं की पिल्लं मान वेडीवाकडी करत उलटी पडतात. कोंडा मुठीत घेऊन वास घ्या. जुन्या तेलाचा वास आला तर टाकून द्या. आठ आठवड्यांपर्यंत मुख्य खाणं २० ते २२ टक्के प्रथिनांचं स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) हवं, कणी वरून चिमूटभर. स्टार्टरचं पोतं जमिनीवर टेकवू नका. फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. बुरशी आलेलं खाद्य वाळवून वापरू नका, बुरशी झटकली तरी तिचं विष राहतं. घरचं काही द्यायचंच असेल तर उकडलेल्या अंड्याचा बलक, नाहीतर सुका जवळा. जवळा मिठाचा नाही ना हे चाखून पाहा, धुवा, वाळवा आणि कुटून २५ पिल्लांना दोन चमचे द्या. खारवलेली मासळी मात्र कधीच नको, पिल्लाला जादा मीठ झेपत नाही.

एक सावधगिरी. कॉक्सिडियासाठी अँप्रोलियम हे औषध चालू असेल तर त्याच वेळी ब-कॉम्प्लेक्स देऊ नका. अँप्रोलियम त्या जंतूंना ब-१ मिळू न देऊनच मारतं. आपणच ब-१ पाजलं तर औषध फुकट जातं.

प्रश्न : इनक्युबेटरमधून काल निघालेल्या दोन पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात. खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं आहे.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी वर्तमानपत्र काढा, बहुधा त्यानेच घात केलाय. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि कोवळे सांधे तसेच राहतात. गोणपाट किंवा खरखरीत टॉवेल अंथरा. औषधाच्या दुकानातल्या चिकटपट्टीची सेंटीमीटरभर रुंद पट्टी घेऊन दोन्ही पाय सांध्याच्या खाली, पंजाच्या वर, आठच्या आकड्यासारखे बांधा. पायांत दोन ते अडीच सेंटीमीटर अंतर राहू द्या, म्हणजे पिल्लू उभं राहील, छोटी पावलंही टाकेल. पट्टी घट्ट झाली तर पंजा सुजतो, निळसर पडतो, म्हणून दिवसातून दोनदा पाहा. रोज सोडून तपासा, बहुधा तीन ते पाच दिवस लागतात. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत केलं तर पाय सुधारतात. आठवड्यानंतर आशा थोडी.

प्रश्न : तीन महिन्यांची तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) एक पाय पुढे, एक मागे टाकून पडली आहे. खाते नीट. ब-कॉम्प्लेक्सने फरक नाही.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : या वयात ही ठेवण म्हणजे बहुतेक वेळा मरेक्स. हा विषाणू नसांवर बसतो आणि त्यावर औषध नाही. लस पिल्लाच्या पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचावी लागते, म्हणून पुढच्या खेपेला विकत घेताना ती टोचली आहे का, हे विचारा. विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि खुराड्याच्या धुळीत महिनोन्महिने टिकतो. तूस जाळा, जागा धुऊन वाळू द्या आणि नवी पिल्लं मोठ्या पक्ष्यांपासून लांब वाढवा. तलंग चोच पोहोचेल इतक्या जवळ दाणा-पाणी ठेवूनही खालावत गेली, तर पशुवैद्यांकडून तिला शांतपणे सोडवणं हीच दया. हिरवट पातळ विष्ठा, घरघर, मुरडलेली मान अशी लक्षणं एकाच वेळी अनेकींत दिसली तर मात्र ती मानमोडी, म्हणजे राणीखेत हा साथीचा रोग, असू शकते. मग एकही पक्षी विकू नका, पाहुण्यांना देऊ नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

प्रश्न : पाय मजबूत व्हावेत म्हणून पिल्लांना तिसऱ्यांच्या शिंपांचा चुरा द्यावा का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नको. पिल्लाच्या खाण्यात साधारण १ टक्का कॅल्शियम पुरतं, ते स्टार्टरमध्ये असतंच. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के असतं. तेवढं पिल्लाला दिलं तर मूत्रपिंडं बिघडतात. चुरा वेगळ्या करवंटीत, पिल्लांची चोच पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा. अंड्यावर आलेली कोंबडी लागेल तेवढा आपण होऊन टिपते.