विचारा बिनधास्त : ७२ तास, रोजची गोळी आणि कंडोम

मागच्या अंकात गुप्तरोगांवर लिहिलं आणि त्यानंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एचआयव्हीबद्दलची निघाली. झाल्यावर काय यापेक्षा होऊ नये म्हणून काय करायचं हे लोक विचारतायत, हे मला फार बरं वाटलं. नावं नेहमीप्रमाणे छापत नाहीये, फक्त भाग ठेवलाय.

प्रश्न : मॅडम, मी अंबडला कंपनीत आहे, वय २३. परवा रात्री एका मुलीसोबत संबंध आला आणि कंडोम फाटला. तिने कधी टेस्ट केलीय का माहीत नाही. मी काल सकाळीच लॅबमध्ये जाऊन एचआयव्ही टेस्ट केली, निगेटिव्ह आली. म्हणजे आता टेन्शन नाही ना? रूमवर कुणाला सांगू शकत नाही, झोप उडालीय.

उत्तर : ह्या मुलाला मी मेल वाचल्या वाचल्या उत्तर पाठवलं, कारण अंक छापून येईपर्यंत वेळ निघून गेली असती. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी.

अरे, कालची निगेटिव्ह टेस्ट त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. लागण झालीच असेल तर ती टेस्टमध्ये दिसायला काही आठवडे लागतात. त्या रात्रीच्या काही आठवडे आधीपर्यंत तुला एचआयव्ही नव्हता एवढंच त्या रिपोर्टवरून कळतं. खूप जण इथेच फसतात, दुसऱ्या दिवशी टेस्ट करतात, सुटकेचा श्वास सोडतात आणि जे खरं करायचं असतं ते राहूनच जातं.

खरं करायचं म्हणजे पेप. संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस रोज घ्यायची गोळी. आपल्याकडे साधारणपणे टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधं एकाच गोळीत येतात, दिवसातून एकदा. ७२ तासच का, तर व्हायरस आत शिरल्यावर आधी तिथल्या पेशींमध्ये आणि मग जवळच्या लिम्फ नोड्समध्ये पोचतो, त्याला दोनतीन दिवस लागतात, तेवढ्यात औषध रक्तात असलं तर त्याला तिथेच अडवता येतं. एकदा तो शरीरभर पसरला की ही गोळी त्याला बाहेर काढू शकत नाही. म्हणून ७२ तास ही शेवटची हद्द समज, जितक्या लवकर तितकं चांगलं. सोमवारी सुट्टी टाकून जातो असं करायचं नाही, रात्र असली तरी निघायचं.

कुठे जायचं? नाशिकला त्र्यंबक रोडला आपलं सिव्हिल हॉस्पिटल आहे, तिथे एचआयव्हीची औषधं देणारं एआरटी सेंटर आहे आणि एचआयव्ही तपासणीचं आयसीटीसी आहे. ते बंद असेल तर कॅज्युअल्टीत जा. तिथे घुटमळू नकोस, सरळ म्हण, "असुरक्षित संबंध आलाय, इतके तास झालेत, पेप पाहिजे." तास सांगितले की समोरचाही हलतो. तिथे जमलं नाही तर थांबू नकोस, एचआयव्हीचे पेशंट बघणारा खासगी फिजिशियन गाठ, तो लिहून देईल. कुठे जायचं कळत नसेल तर नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, १०९७ ही फुकट हेल्पलाइन आहे, तिच्यावर विचार. आधी टेस्ट करतील पण रिपोर्टसाठी पहिला डोस अडवायची गरज नसते. मग पुन्हा टेस्ट सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी, आणि तोवर प्रत्येक वेळी कंडोम. मध्येच बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडू नकोस, २८ म्हणजे २८.

आणि त्या मुलीलाही सांग. तिचीही टेस्ट व्हायला पाहिजे, ती काही आरोपी नाहीये, तिलाही तुझ्याबद्दल काही माहीत नव्हतंच की. गर्भाची भीती असेल तर त्याची वेगळी गोळी आहे आणि तिलाही वेळेचं बंधन आहे, तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला सांग.

प्रश्न : डॉक्टर ताई, माझे मिस्टर आग्रा रोडवर गाडी चालवतात, द्राक्षाच्या सीझनला महिना महिना बाहेर असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना एचआयव्ही निघाला, माझी टेस्ट निगेटिव्ह आहे. ते सिव्हिलमधून गोळ्या आणतात, रोज घेतात, मी स्वतः बघते. आम्ही कंडोम वापरतो. पण लग्नाला पाच वर्षं झाली, सासूबाई रोज विचारतात, त्यांना काही माहीत नाही. आम्हाला मूल होऊ शकतं का? मी मेले तरी चालेल पण बाळाला नको. (सिन्नर)

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ते शेवटचं वाक्य खोडून टाका. तुम्हीही राहायचंय आणि बाळही, आणि ते होऊ शकतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बाळाला एचआयव्ही बापाकडून थेट येत नाही, आईला असेल तर आईकडून येतो, पोटात, बाळंतपणात किंवा दुधातून. म्हणजे तुम्ही निगेटिव्ह राहिलात की बाळ सुरक्षित. त्यामुळे सगळा जोर तुम्हाला जपण्यावर द्यायचा.

मिस्टरांच्या फाइलमध्ये व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात किती व्हायरस आहे त्याचा, रिपोर्ट असेल, तो बघा, नसेल तर एआरटी सेंटरला मागा, तिथे तो फुकट होतो. रोज नीट गोळी घेणाऱ्याच्या रक्तात व्हायरस इतका कमी होतो की मशीनला सापडत नाही, आणि तो तसाच राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मी धीर द्यायला बोलत नाहीये. एचपीटीएन ०५२ नावाचा मोठा अभ्यास झाला होता, १७६३ जोडपी, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, आपल्या पुण्यातलीही जोडपी त्यात होती. २०११ मध्येच दिसलं की लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, आणि पुढे हेही कळलं की ज्यांचा व्हायरस नीट दबलेला होता त्यांच्याकडून जोडीदाराला लागण झालीच नाही. नंतर युरोपात पार्टनर नावाचा अभ्यास झाला, तिथे जोडप्यांनी कंडोमशिवाय संबंध ठेवले आणि व्हायरस दबलेल्या जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही.

तेव्हा व्हायरल लोड किमान सहा महिने दबलेला आहे ना, दोघांना दुसरा कुठला गुप्तरोग नाही ना, हे तपासून घ्या आणि मग एआरटी सेंटरच्या डॉक्टरांशी बोलून फक्त गर्भ राहायच्या दिवसांत कंडोम सोडायचा. त्या काळात तुम्हाला स्वतःला प्रेपची, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची, गोळी घ्यायची असेल तर तीही घेता येते, गरोदरपणातही चालते. मिस्टर महिनाभर ढाब्यांवर असतात म्हणताय, मला काळजी वाटते ती तिथली, गोळ्या संपल्या आणि गाडी राजस्थानात अडकली असं होतं. त्यांना निघताना दोन आठवड्यांच्या जास्तीच्या गोळ्या मागून घ्यायला सांगा आणि अर्ध्या गोळ्या गाडीत, अर्ध्या बॅगेत ठेवा.

सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार हॉस्पिटलवाले तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगू शकत नाहीत. गरोदर राहिल्यावर तुमची टेस्ट पुन्हा पुन्हा करून घ्या, दूध पाजत असाल तेव्हाही.

प्रश्न : मी गे आहे, घरी माहीत नाही. गंगापूर रोडला राहतो. मुंबईतला मित्र प्रेप घेतो, मला म्हणतो ऑनलाइन मागव, कशाला डॉक्टर. नाशिकच्या डॉक्टरला सांगायची हिंमत नाही. घेऊ का?

उत्तर : गोळी घे, पण तशी मागवून नको, आणि कारण सांगते.

प्रेप म्हणजे संबंधाच्या आधीपासून घ्यायची गोळी, टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिन, रोज एक. नीट घेतली तर संबंधातून एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ९९ टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेत २०१२ पासून आहे, जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून शिफारस करते आणि भारतातल्याच कंपन्या जेनेरिक बनवतात. म्हणजे औषध काही दुर्मिळ राहिलेलं नाही. पण सुरू करायच्या आधी तीन टेस्ट लागतात. एचआयव्हीची, कारण आधीच लागण झालेली असेल तर दोन औषधं त्याला पुरत नाहीत आणि व्हायरस त्या औषधांना दाद देईनासा होतो. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीची टेस्ट, कारण टेनोफोविर किडनीतून बाहेर पडतं. आणि हिपॅटायटिस बी, कारण ही गोळी त्यावरही काम करते, तो असताना अचानक गोळी बंद केली तर लिव्हरला मोठा त्रास होऊ शकतो. हे सगळं पार्सलमधून येणाऱ्या डबीला कसं कळणार? मग दर तीन महिन्यांनी एचआयव्ही टेस्ट, आणि मधूनमधून किडनी.

सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होते, काही आठवड्यांत जाते. रोज घेणार असशील तर पहिले सात दिवस पुरतं संरक्षण धरायचं नाही. बायकांना याहून जास्त दिवस लागू शकतात, हे वाचणाऱ्या ताईंनी डॉक्टरांना विचारावं. मित्र वीकेंडपुरती घेतो म्हणत असेल, तर तशी एक पद्धत पुरुषांसाठी आहे, संबंधाआधी २ ते २४ तासांत दोन गोळ्या, मग त्या दोन गोळ्यांनंतर चोवीस तासांनी एक आणि त्यानंतर चोवीस तासांनी आणखी एक, पण हिपॅटायटिस बी असेल तर ती नाही, आणि तुला गोळीची सवय व्हायची असेल तर मी रोजचीच सांगेन, सकाळी ब्रश करताना.

प्रेपने सिफिलिस, गनोरिया थांबत नाहीत. ते बऱ्याच प्रमाणात कंडोमच थांबवतो, म्हणून कंडोम सोडू नकोस.

हिंमतीचं बोलायचं तर, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलंय, डॉक्टरकडे तू काही कबुली द्यायला जात नाहीयेस. सिव्हिलमधलं सुरक्षा क्लिनिक गुप्तरोगांसाठीच आहे, तिथले काउन्सेलर दिवसभर हेच ऐकतात. आणि एखादा डॉक्टर तोंड वाकडं करेल, करतातही काही जण, ते मला लाजिरवाणं वाटतं, पण मग दुसरा डॉक्टर बघ, गोळी सोडू नकोस.

प्रश्न : कंडोम कोरडा वाटतो म्हणून खोबरेल तेल लावतो, चालतं का? आणि डबल घातला तर जास्त सेफ? (पंचवटी)

उत्तर : दोन्ही नाही. साधे कंडोम लॅटेक्सचे असतात, खोबरेल, व्हॅसलीन, कुठलंही तेल लागलं की लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं. मेडिकलमधून पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट आणा. दोन घातले तर एकमेकांवर घासून फाटतात. एकच घाला, एक्सपायरी बघा, टोकातली हवा दाबून काढा, आणि पाकिटात मागच्या खिशात महिनोन्‌महिने ठेवलेला वापरू नका. सिव्हिलच्या आयसीटीसीत फुकट मिळतात.

प्रश्न : सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणे, खरं का? (नाशिकरोड)

उत्तर : खरंय. लेनाकॅपाविर नाव. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या अभ्यासाचे निकाल आले, इंजेक्शन घेतलेल्या २१३४ तरुणी आणि मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालं आणि भारतातल्या काही कंपन्यांना जेनेरिक बनवायचं लायसन्स मिळालंय. ज्या बाईला घरात गोळ्यांची डबी लपवावी लागते तिच्यासाठी हे फार मोठं आहे. पण इंजेक्शनची वाट बघत आज काहीच न घेता बसू नका, कंडोम आणि रोजची गोळी आत्ता मिळते.