दारूचं काम आणि मारहाणीचं काम एकाच साथीच्या हातात नको

ताई, नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते. दक्षिण गडचिरोलीत तुमचं व्यसन उपचार केंद्र आहे. स्वतः दारू सोडलेले तीन साथी गावोगाव पाठपुरावा करतात आणि बायकांशी बोलायला एक कार्यकर्ती आहे. एका रुग्णाच्या बायकोने साथीला मारहाणीबद्दल सांगितलं. त्याने चांगल्या मनाने नवऱ्याला जाब विचारला आणि त्या रात्री तिला पुन्हा मार बसला. आता या चौघांची देखरेख कशी करायची आणि त्या साथीला काढायचं का, असं तुम्ही विचारलंय.

त्याला काढू नका. बाईने सांगितलेलं कुठवर न्यायचं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्याच्याशी बसण्याआधी त्या बाईकडे बघा. कार्यकर्तीने तिला घरी नाही, आठवडी बाजारात किंवा उपकेंद्रात गाठावं. निरोप आशाताईंकडून जाऊ द्या, नवऱ्याच्या मोबाइलवर नको. तिथे तिला थेट विचारायचं: त्याने कधी गळा दाबला का? कुऱ्हाड किंवा कोयता उगारला का? पोटुशी असताना मारलं का? माहेरी जाते म्हटल्यावर मारून टाकीन म्हणाला का? सतत संशय घेतो का? यात गळा दाबल्याचं उत्तर 'हो' आलं तर ते साध्या मारासारखं धरू नका. पुढे जिवावर बेतण्याची शक्यता त्याने कित्येक पटींनी वाढते. तिला त्याच दिवशी सुरक्षित जागा आणि डॉक्टर मिळायला हवेत. अंगावर खूण नसली तरी गळ्याला आतून इजा झालेली असू शकते.

आता देखरेखीकडे येते. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक साथीच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते: 'दारू सुटली का मार बी सुटते जी.' त्याच्या स्वतःच्या घरी तसं झालेलं असतं, निदान त्याला तसं वाटत असतं. काही घरांत खरोखर होतंही. पण दारूने मार वाढतो, जास्त जबर बसतो, म्हणजे दारूमुळेच तो सुरू होतो असं नाही. पिऊन तर्र झालेला माणूस ठाणेदाराला मारत नाही, घरी येऊन बायकोला मारतो. नशेतही त्याला माणूस कळतं. दारू सोडलेल्या कितीतरी घरांत मार थांबतो आणि पैसे काढून घेणं, माहेरी जाऊ न देणं, संशय घेणं चालू राहतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तोंडचा आणि पैशाचा छळही हिंसाच आहे. साथीने 'आता चांगला आहे' असं सांगितलं की विचारा, कोणासाठी चांगला? हे तुला कोणी सांगितलं, त्याने की तिने?

यावरून मी एक नियम धरते. बातमी एकाच दिशेने गेली पाहिजे. नवऱ्याने साथीला काही धमकीचं सांगितलं ('घरी गेलो का दाखवतो तिला'), तर ते त्याच दिवशी तुमच्याकडे आणि कार्यकर्तीकडे यायला हवं. बायको कार्यकर्तीशी जे बोलते, त्यातला शब्दही नवऱ्याच्या साथीकडे जाता कामा नये. ना बैठकीत, ना फाइलमध्ये, ना गाडीवर मागे बसून गप्पा मारताना. म्हणून चौघांची एकत्र बैठक घेऊ नका. साथींची वेगळी, कार्यकर्तीची वेगळी. दोन्हीकडचं माहीत असणारी एकटी तुम्ही. तिच्या नोंदी वेगळ्या वहीत आणि ती वही तुमच्या कुलपात. नवऱ्याची फाइल रेफरलबरोबर फिरते, नातेवाईक उघडून बघतात. त्यात 'पत्नीच्या म्हणण्यानुसार' असं एक वाक्यसुद्धा नको.

साथीला हे खटकेल. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असं तो म्हणेल. त्याला सरळ सांगा, प्रश्न विश्वासाचा नाही. बायकोचं बोलणं त्याला माहीतच नसेल तर त्याच्या तोंडून काही निसटणारही नाही आणि रुग्णही त्याच्याशी मोकळा राहील. उलट धमकीची बातमी आमच्यापर्यंत येईल, हे रुग्णाला दाखल होतानाच सांगायचं. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर तेवढ्यापुरती गोपनीयता सोडायला 2017 चा मानसिक आरोग्य कायदा परवानगी देतो. डिस्चार्जची तारीख बायकोला आधी कळवण्याची संमतीही दाखल करतानाच्या फॉर्मवर घ्या. आणि तो मधूनच पळाला, तर पहिला निरोप तिला.

आदिवासी भागात साथी कोणाला नेमायचा, याला एक वेगळी बाजू आहे. गोंड, माडिया समाजात देवांच्या संख्येवर भाऊपण ठरतं. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. त्याच देवांचे ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. साथी नवऱ्याच्याच देवांचा असेल, तर बायकोच्या लेखी तो सासरचा माणूस. तो कितीही सरळ असला तरी ती त्याच्यापुढे तोंड उघडणार नाही आणि उघडलं तर भाऊबंदकीचा भार त्याच्यावर येणार. नेमणूक करताना गावाचं अंतर बघतो तसं हेही बघा. साथीला विचारलं की तो एका मिनिटात सांगतो. शक्यतो दुसऱ्या देवांचा आणि दुसऱ्या गावाचा माणूस द्या.

दुसरी अडचण सडव्याची, म्हणजे दारू गाळण्यासाठी आंबत ठेवलेल्या मोहफुलांची. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, पण मोह पूजेला लागतो, लग्नाला लागतो, मयताला लागतो, आणि पुष्कळ घरांत विकायची दारू बाईच काढते. तिच्या हातात येणारा रोख पैसा बऱ्याचदा तेवढाच असतो. मार खाल्ला तरी ती पोलिसांकडे का जात नाही, तर मागच्या अंगणात मोहाचा सडवा पुरलेला असतो. पोलीस आले की गुन्हा तिच्यावर दाखल होईल ही भीती. ती खोटी नाही. कार्यकर्तीला हे समजलेलं हवं. 'तुम्हीच दारू गाळता आणि तुम्हीच रडता' हे वाक्य मी चांगल्या चांगल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. ते ऐकलेली बाई परत येत नाही. सडव्याचा विषय त्या दिवशी काढायचाच नाही. त्या दिवशी विषय फक्त तिच्या जिवाचा. आणि पोलीस हा एकच रस्ता नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घरगुती घटनेचा अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात. त्यावरून मारहाण थांबवण्याचा, घरात राहू देण्याचा, खर्चाचा आदेश मिळू शकतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लावावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून तातडीचा अंतरिम आदेश मागायला सांगा. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 181 (महिला हेल्पलाइन) आणि 112 (तातडीची मदत) हे नंबर तिला तोंडपाठ करून द्या, चिठ्ठी देऊ नका.

समेटाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण साथींचा हात तिकडेच वळतो. दारू सोडलेल्या माणसाला आपण केलेलं नुकसान भरून काढायची ओढ असते, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या) बारा पायऱ्यांत ती नवव्या पायरीवर येते. साथी मग रुग्णाला घरी नेतो, गावपाटील आणि चार माणसं बसवतो, नवरा बायकोच्या पाया पडतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आता बायकोने काय करायचं? सगळ्या गावासमोर 'माफ नाही' म्हणायची सोय तिला राहिलेली नसते. नवव्या पायरीतच अट आहे की भरपाईने समोरच्याला इजा होणार असेल तर ती करायची नाही. साथींना ती अट वाचून दाखवा. ती सहसा गाळली जाते. माफी मागायची तर आधी कार्यकर्तीने बायकोला एकटीला विचारायचं, आणि तिने नको म्हटलं तर ते 'नको' तिच्या नावावर जाऊ नये. 'केंद्राचा नियम आहे, आत्ता नाही' असं साथीने रुग्णाला सांगायचं. जोडप्याला एकत्र बसवण्याबाबतही हेच. ती मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकते याची खात्री होईपर्यंत एकत्र बैठक नाही.

समुपदेशनात 'मी नशेत होतो', 'तिने उलट उत्तर दिलं' अशी कारणं निघतील. न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनासाठी 2006 च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की मारणाऱ्याला मारण्याचं समर्थन मांडू द्यायचं नाही. आपल्या केंद्रातही हाच नियम लावा. साथीने रुग्णाशी वाद घालू नये, पण मान डोलवूही नये. 'दारूचं बोलू, हाताचंही बोलू, दोन्ही तुझेच' हे एका साथीचं वाक्य मी बाकीच्यांना शिकवते.

उपचाराच्याही तीन गोष्टी बैठकीत दर वेळी विचारा. एक, घरीच अचानक दारू बंद करायला कोणी सांगत नाही ना. रोज भरपूर पिणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रम होऊन तो समोरच्याला शत्रू समजून अंगावर धावू शकतो. ते दवाखान्यातच हाताळायचं. दोन, नवऱ्याला न सांगता भाजीत मिसळायची दारू सोडवण्याची गोळी (डायसल्फिराम) बायकोला कोणी देत नाही ना. त्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो, आणि त्याला कळलं तर मार तिलाच. ही गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या तपासणीनंतरच. तीन, दारू सुटून काही आठवडे झाले तरी बायकोवरचा संशय जात नसेल, तो तिचा पाठलाग करत असेल, कपडे तपासत असेल, तर ते साथीच्या गप्पांनी जाणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ गाठा आणि तोवर तिच्या सुरक्षेचं बघा.

साथीच्या स्वतःच्या घरचं काय, हे विचारायला आपण संकोचतो. विचारायला हवं. त्यानेही एकेकाळी हात उचललेला असतो, बऱ्याचदा. नेमताना त्याच्या बायकोशी कार्यकर्तीने वेगळं बोलावं आणि पुढेही अधूनमधून. त्याच्या घरात आज मार चालू असेल, तर तो कितीही वर्षं दारूपासून लांब असला तरी हे काम त्याला देता येणार नाही. पूर्वी केलं आणि आता कबूल करतो, तर तो कामाचा माणूस आहे, कारण रुग्णाच्या सबबी त्याला आतून ठाऊक असतात. मात्र दुसऱ्याच्या घरचा मार ऐकून त्याचं जुनं वर येतं, झोप उडते, प्यावंसं वाटतं. महिन्यातून एकदा कामाचं काही न विचारता फक्त त्याच्यासाठी बसा. तो पुन्हा प्यायला तर काय होणार, हे आधीच ठरवून सांगून ठेवा: काही काळ रुग्णांपासून दूर, उपचार, मानधनाचं काय तेही. नाहीतर तो लपवतो, आणि तेव्हा रुग्णही धोक्यात येतात.

कार्यकर्ती एकटी आहे, हे मला तुमच्या प्रश्नात सगळ्यांत जास्त टोचलं. तीन पुरुष साथी आणि माडिया बोलणारी एकच बाई. शक्य असेल तर दारू सोडलेली एखादी बाई साथी म्हणून घ्या. बायकाही पितात, त्यांनाही सोडायची असते आणि पुरुष साथीसमोर त्या ते बोलत नाहीत. तोवर कार्यकर्तीला एकटीला संध्याकाळी गावात पाठवू नका. धमकी तिलाही येते.

तेंदूचा हंगाम येतोय. मजुरी हातात पडते त्या आठवड्यात दारूही वाढते आणि पैशावरून मारही. त्याच्या आधीच ज्या घरांत धोका जास्त आहे त्यांची यादी कार्यकर्तीबरोबर बसून करा, कोणी कोणाकडे आणि कुठे जायचं ते ठरवा, आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना एकदा प्रत्यक्ष भेटून या.