२५ ग्रॅम मोरचूद म्हणजे किती मोल?

तुझा भागाकार बरोबर आहे. २५ भागिले १५९.५, उत्तर ०.१५७. पुस्तकात ०.१ दिलंय, आणि दोनदा करूनही तेच आलं म्हणून तू विचारतोयस. चूक भागाकाराच्या आधीची आहे.

निळं मोरचूद म्हणजे नुसतं कॉपर सल्फेट नव्हे. स्फटिकात एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे ५ रेणू असतात, आणि काट्यावर ते पाणीही तोललं जातं. तांबं ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजनचे ४ अणू ६४, मिळून १५९.५. त्यात स्फटिकजलाचे ५ × १८, म्हणजे ९० मिळव. एका मोलचं वजन झालं २४९.५ ग्रॅम. आता भाग.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत चिमूटभर मोरचूद परीक्षानळीत तापवून बघच. निळा रंग जातो, पांढरी भुकटी उरते, नळीच्या तोंडाशी थेंब जमतात. तुझं १५९.५ त्या पांढऱ्या भुकटीचं आहे. गणितात 'निर्जल', म्हणजे स्फटिकजल नसलेलं, असा शब्द आहे का, हे आधी शोधत जा.

'वजनाला रेणुवस्तुमानाने भागायचं एवढं पाठ आहे' असं लिहिलंयस, त्याची मला जास्त काळजी वाटते. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचे दाणे कुणी मोजतं का? काटा करतात. पण समज, १०० दाणे १२.५ ग्रॅम भरले, तर क्विंटलभर मालात ८ लाख दाणे आहेत हे न मोजता सांगता येतं. रेणू तर हाताने मोजताच येत नाहीत, म्हणून त्यांचाही काटाच करायचा. फक्त इथे ढीग ठरलेला आहे: ६.०२२ × १०²³ रेणूंचा एक मोल. सोयाबीन आणि मोहरीचे तेवढेच दाणे घेतले तरी वजन वेगळं भरतं, तसंच प्रत्येक संयुगाच्या मोलचं वजन वेगळं.

एक गणित घरच्या युरियाच्या गोणीवर करून बघ. गोणी ४५ किलोची, युरियाचा मोल ६० ग्रॅमचा. आधी किलोचे ग्रॅम कर, पोरं इथेच घसरतात. ४५,००० भागिले ६०, म्हणजे ७५० मोल. युरियाच्या रेणूत नायट्रोजनचे २ अणू, म्हणून नायट्रोजन १,५०० मोल. नायट्रोजनच्या अणूंचा मोल १४ ग्रॅमचा, म्हणून १४ ने गुण, २१,००० ग्रॅम म्हणजे २१ किलो आलं. गोणीवर नत्र, म्हणजे नायट्रोजन, ४६ टक्के छापलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघ.