'हायड्रॉलिक ट्रान्झियंट'ला 'क्षणिक' म्हणावं का?

प्रश्न: उदंचन प्रकल्पांतल्या (पाणी पंपाने वर चढवून नंतर त्यावर वीज करणाऱ्या) पंप-टर्बाइनवरच्या, म्हणजे पंप आणि टर्बाइन अशी दोन्ही कामं करणाऱ्या यंत्रावरच्या लेखाचा अनुवाद करतोय. 'हायड्रॉलिक ट्रान्झियंट्स'ला 'जलीय क्षणिका' चालेल का?

नको. 'क्षणिका' म्हटलं की चारोळीच आठवते. शिवाय 'क्षणिक' म्हणजे फारसं मनावर न घेण्यासारखं. इथे तर त्या वेळी येणाऱ्या दाबाच्या हिशेबाने पेनस्टॉकच्या, म्हणजे टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या मोठ्या नळाच्या पत्र्याची जाडी ठरते. पाणी एका स्थिर प्रवाहातून दुसऱ्यात जाताना मधे जे घडतं, ते ट्रान्झियंट. एकूण प्रकाराला 'संक्रमण अवस्था' म्हणा. नुसतं 'जलसंक्रमण' लिहिलंत तर हिंदीच्या शेजारामुळे मुंबईकर वाचक काविळीपर्यंत पोचेल.

पण या अवस्थेत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक जलाघात. इमारतीचा पंप बंद झाला की एनआरव्ही (पाणी मागे न येऊ देणारी झडप) आपटून पाइप धाडकन वाजतो, तोच हा प्रकार. पोलादी नळात दाबाची लहर सेकंदाला हजारेक मीटर धावते. त्यामुळे सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी एकदम अडलं, तरी सुमारे १०० मीटर उंच पाण्याइतका जादा दाब येतो. दुसरा उल्लोळ, म्हणजे सर्ज. उल्लोळ विहिरीत, म्हणजे जलमार्गावर दाब सामावून घ्यायला बांधलेल्या उभ्या विहिरीत, पाणी वरखाली होत राहतं, तेही मिनिटंच्या मिनिटं. त्याला क्षणिक कसं म्हणणार?

'उदंचन' मात्र बिनधास्त वापरा. लव्हग्रोव्ह, हाजी अली इथल्या उदंचन केंद्रांमुळे तो शब्द मुंबईत रुळलेला आहे. भिऱ्याचा १५० मेगावॉटचा संच आणि घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प, दोन्ही उदंचनाचेच.

खरी गफलत 'लोड रिजेक्शन'पाशी होते. 'भारनकार' नको, नकार कुणीच देत नाही, चालू संचाचं ग्रिडशी (वीजजाळ्याशी) नातं तुटतं. 'भार तुटणे' म्हणा. पुढे 'झडप मिटल्यामुळे जलाघात' असं सरसकट लिहू नका. पंप-टर्बाइनचा रनर (पात्यांचं फिरतं चाक) मुळात पंपाच्या गरजेने घडवलेला असतो. तेवढ्याच हेडच्या (पाण्याच्या उंचीच्या) साध्या फ्रान्सिस टर्बाइनपेक्षा त्याचा व्यास मोठा. भार तुटला की तो सुसाट फिरतो आणि आत येणाऱ्या पाण्याला बाहेर रेटू लागतो. गाइड व्हेन (रनरभोवतीच्या, पाणी कमी-जास्त सोडणाऱ्या पट्ट्या) जागच्या हलल्या नाहीत तरी प्रवाह घटतो, कधी क्षणभर उलटाही वाहतो. म्हणजे इथे जलाघाताला रनरचा आकारही जबाबदार. म्हणून 'प्रवाह कोंडतो' हे क्रियापद मला जास्त पटतं.

वेग आणि प्रवाहाच्या आलेखात याचंच एस-आकाराचं वळण दिसतं. 'एस-वळण' पुरे, 'सर्पाकार' नको; साप कितीही वेळा वळेल. याच वळणापायी पात्यांचा आकार बदलतात, फिरत्या भागाचं जडत्व वाढवतात आणि गाइड व्हेन टप्प्याटप्प्याने मिटवतात. या मिटवण्याच्या 'क्लोजर लॉ'ला 'कायदा' म्हणू नका. 'मिटवण्याचा क्रम' म्हणा.