जर्मनीत येऊन ॲपवर जगायचं म्हणतोस?

पुण्यातली नोकरी सोडून चान्सेनकार्ट या जर्मन परवान्यावर इकडे यावं आणि स्वतःच्या ॲपवर पोट भरावं का, असं विचारलंस. ये, पण पोट नोकरीवरच ठेव. ते कार्ड नोकरी शोधण्यासाठी असतं. तोवर आठवड्याला २० तास काम करता येतं, पण स्वतःचा धंदा त्यात बसत नाही. मी ब्लू कार्डावर, म्हणजे नोकरी हातात असलेल्यांच्या परवान्यावर आले, तरी जोडधंद्यासाठी व्हिसा कचेरीची परवानगी काढावी लागली. मग गेवेर्बेची, म्हणजे धंद्याची नोंदणी, मग टॅक्सची फाइल. शिवाय धंदा म्हणून ॲप टाकलंस, की युरोपात ॲप स्टोअरच्या पानावर तुझा पत्ता आणि फोन नंबर झळकतो. घरमालकाला आधीच सांगून ठेव.

खर्चाचं म्हणशील तर ॲपलला वर्षाला ९९ डॉलर, गूगल प्लेला एकदाच २५. प्लेवर नवं वैयक्तिक खातं काढलंस, तर आधी १२ जणांनी सलग १४ दिवस ॲप वापरून बघावं लागतं. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हात जोड, मिळतात माणसं.

खरा ताप वेगळाच. माझं ॲप पंचांगाचं. तिथी सूर्योदयावर ठरते, म्हणून पुण्याची एकादशी इथे न्यूरेंबर्गमध्ये कधीकधी आदल्या दिवशी येते. ते गणित मी बरोबर बसवलं होतं. चुकलं भलतंच. २०२१च्या मार्चअखेर इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेली, तीन दिवसांवर संकष्टी, आणि माझा चंद्रोदय जुन्याच वेळेवर! लोक उपाशीपोटी गॅलरीत उभे. त्याच रात्री दुरुस्ती पाठवली, तर एका स्टोअरने ती परत केली: ‘चाचणीसाठी लॉगिन द्या.’ अरे, ॲपला लॉगिनच नाही! हे पटवेपर्यंत संकष्टी उलटून गेली.

दुसऱ्या दिवशी एका आजींचा मेल आला. रागाचा असणार म्हणून उघडायलाच घाबरत होते. त्यांनी लिहिलं होतं, ‘चंद्र तासभर उशिरा आला, पण आला. पुढच्या महिन्याची वेळ नीट बघून ठेव, बाळ.’ तेव्हापासून घड्याळ बदलायच्या आठवड्यात मी सुट्टी घेते.

या ॲपच्या कमाईत महिन्याचं भाडं निघत नाही, किराणा निघतो. येताना तुझा जुना, स्वस्तातला अँड्रॉइड फोन मात्र घेऊन ये. तसल्या फोनवर माझ्या ‘मार्गशीर्ष’चे रफार अजून वरून कापले जातात, आणि इथे तसा फोन कुणाकडे मिळत नाही.