इंडोनेशियातल्या जावानीज भाषेत क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं का?

नाही, मधे येतं. आजची जावानीज म्हणजे कर्ता-क्रियापद-कर्म. 'आकु मांगान सेगो', शब्दाला शब्द लावला तर 'मी खातो भात'. आणि नुसतं क्रियापदच नाही हो, मागचं पुढचं बरंच काही आपल्या उलटं आहे, आपण 'बाजारात' म्हणतो तर ते 'इंग पासार', म्हणजे 'त' आधी आणि बाजार नंतर, आपण 'मोठं घर' तर ते 'ओमाह गेडे', घर आधी आणि मोठं मागून. हा योगायोग नाही, भाषाशास्त्रज्ञ ग्रीनबर्गने १९६३ साली ३० भाषा घेऊन हेच दाखवलं होतं की क्रियापद आणि कर्माचा क्रम काय आहे त्यावरून बाकीच्या गोष्टींचा बराचसा अंदाज येतो.

पण मजा म्हणजे जुनी जावानीज, जिला कवी म्हणतात, तिच्यात वाक्य बहुतेक क्रियापदानेच सुरू व्हायचं, फिलिपिन्सच्या टागालोगमध्ये आजही तसंच चालतं. संस्कृत शब्द कवीत ढिगाने आले पण म्हणून क्रियापद काही शेवटी गेलं नाही, शब्द उसने घेणं सोपं, व्याकरणाचं तसं नसतं.

आदरार्थी बोलताना रोजच्या वापरातले बरेचसे शब्द बदलतात, वरचंच वाक्य 'कुलो नेडो सेकुल' होतं, क्रम मात्र तोच.

बाकी क्रम अगदी दगडावरची रेघ आहे असंही नाही. भातावर जोर द्यायचा तर 'सेगाने दिपांगान सिती', म्हणजे 'भात खाल्ला गेला सितीकडून', आणि असली कर्मणी वाक्यं तिथे रोजच्या बोलण्यात सर्रास असतात, आपल्यासारखी सरकारी नोटिशीतली वाटत नाहीत.